राक्षसाचा जबाब

काकूंनी पहिल्याच दिवशी राक्षसाला खुर्ची द्यायला लावली.

"उभ्यानं कोण खरं बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "बसव त्याला."

मी मास्तर. शाळेतला नव्हे, खेळातला. आमच्या खेळात एकजण गोष्ट सांगतो, त्याला मास्तर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात, कुणी सरदार, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मास्तर म्हणतो, समोर गुहा आहे, आत राक्षस आहे, काय करताय बोला. ते बोलतात, फासे टाकतात, फासे पडतील तशी गोष्ट पुढे जाते. एक टेबल, चार-पाच तऱ्हेचे फासे आणि प्रत्येकासमोर आपल्या पात्राची माहिती लिहिलेला एक कागद, एवढाच काय तो संसार. लक्ष्मीपुरीत अस्लमचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर दर रविवारी दुपारी आम्ही बसायचो. इतकी वर्षं खेळ चालवला, पण राक्षस दिसल्यावर तलवार काढायच्या आधी खुर्ची काढणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"अहो काकू, राक्षस आहे तो," अस्लम म्हणाला.

"आरोपी हाय. राक्षस हाय का न्हाय ते मागनं ठरंल."

आणि त्यांनी टाइपरायटरवरचं फडकं काढलं. हो, टाइपरायटर. जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होत्या. निवृत्त होताना भंगारात निघालेलं मराठी यंत्र त्यांनी मागून घेतलं होतं. स्कूटीच्या पुढच्या फळीवर ते ठेवून यायच्या आणि अस्लम शिव्या घालत ते धूड माळ्यावर चढवायचा. काकूंनी कागद घातला आणि कडकट्ट सुरू झालं. नाव, माहीत नाही. वय, अंदाजे दोनशे वर्षे. धंदा, लूटमार. राहणार, गुहा. समक्ष विचारलेवरून सांगतो की... आणि मान वर करून माझ्याकडे बघायला लागल्या. राक्षसाचं मीच बोलायचं ना! पण हा लूटमार का करतो याचा विचार माझ्या बापानं तरी केला होता का? अर्धा तास त्या बाईनं मला सोलून काढलं. शेवटी असं निघालं की गावकऱ्यांनी वरच्या अंगाला बांध घालून राक्षसाचा झरा तोडला होता आणि त्याची बायको तहानेनं गेली होती. प्राजक्ता बँकेत अधिकारी आहे, ती घरचं मांजर मेल्यासारखी रडली. मग काकूंनी सगळा जबाब वाचून दाखवला, अस्लमच्या छपाईच्या शाईत माझा अंगठा बुडवला आणि राक्षसाच्या नावानं कागदावर उठवून घेतला. ती शाई आठवडाभर निघाली नाही.

हसू येतंय ना? आम्हीही खूप हसलो. ती बाई तिथं कशासाठी आली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तरी हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

आता ते सांगायलाच पाहिजे.

प्रत्येक पात्राच्या कागदावर एका कोपऱ्यात नऊ घरांचा चौकोन असतो. वरून खाली भला, मधला, वाईट. डावीकडून उजवीकडे नियमाचा, मधला, मोकाट. पात्र कसं वागतं त्यावरून त्याचं घर ठरतं. दुबळ्यासाठी कायदा धाब्यावर बसवणारा असेल तर मोकाट भला. कायद्यावर बोट ठेवून गळा कापणारा असेल तर नियमाचा वाईट. ऐकायला सोपं आहे. पण या नऊ घरांवरून आम्ही जेवढे भांडलोय तेवढे सख्खे भाऊ बांधावरून भांडत नाहीत. म्हणून मी माझ्या टेबलावर एक नियम केला होता. स्वतःचं घर स्वतः लिहायचं नाही. मास्तर बघणार, मास्तर ठरवणार, मास्तर लिहिणार, तेही लाल पेनानं. त्या लाल पेनाची मला भारी मिजास होती.

काकूंचा एकुलता एक मुलगा आमच्यात खेळायचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला होता. माझा शाळेपासूनचा दोस्त. खेळात तो सरदार. शरण आलेल्याला मरू देणार नाही अशी त्याच्या सरदाराची शपथ होती आणि कागदावर मी लिहिलेलं घर होतं, नियमाचा भला.

त्या रविवारी मी गोष्टीत एक पूल ठेवला होता. नदीला पूर चढतोय, अख्खं गाव पलीकडं न्यायचंय, पुलावर दैत्य बसलाय. दैत्याला चुकवायला जुन्या किल्ल्यातून भुयार, भुयारात कोडी, कोड्यांच्या मागं एक शापित राणी. तीन आठवडे खपून मी हे सगळं रचलं होतं. पोरगं फासे हातात खुळखुळवत बसलं. मग आदल्या खेळात शरण आलेला एक दरोडेखोर त्यांच्याबरोबर होता, त्याला त्यानं पुढं ढकललं. दैत्याला म्हणाला, "हा घे, बाकीच्यांना जाऊ दे." फासे चांगले पडले. दैत्यानं घेतला. गाव पार झालं.

माझं भुयार, कोडी, राणी, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. मला राग त्याचा आला होता. बोललो मात्र नियमाचं.

"तू भला राहिला नाहीस," म्हणालो. त्याचा कागद ओढला, 'भला'वर काट मारली, शेजारी लाल पेनानं 'वाईट' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"गाव वाचलं की रं सगळं," तो म्हणाला.

"शरण आलेला माणूस दिलास. शपथ होती तुझी."

"मग काय करायला पायजे होतं? तू सांग की."

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. "ते सांगणं माझं काम नाही," मी म्हणालो. त्यानं कागदाची चार घड्यांची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, "बरं मास्तर" म्हणाला आणि शिडी उतरून गेला.

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना हायवेला त्याची गाडी दुभाजकावर गेली. रस्ता कोरडा होता, गाडी नवी होती, पुढंमागं कुणी नव्हतं. कागदोपत्री अपघात आहे. अपघातच असणार. हे वाक्य मी रोज आंघोळ करताना स्वतःला ऐकवतो.

तेराव्यानंतरच्या रविवारी काकू पहिल्यांदा माळ्यावर आल्या. खेळ बंदच होता, आम्ही तिघं नुसते फासे चिवडत बसलो होतो. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो कागद काढून टेबलावर ठेवला.

"त्याच्या खिशात निघाला," म्हणाल्या. "काय हाय ह्ये?"

मी सांगितलं. खेळ सांगितला, सरदार सांगितला, नऊ घरं सांगितली. त्या नीट ऐकत होत्या, मधेच बोटं मांडीवर हलत होती, बहुतेक सवयीनं टिपून घेत असाव्यात.

"म्हंजे आधी भला होता. मग खोडून वाईट केलंय," त्या म्हणाल्या. "खाडाखोड केली की खाली सही करायची असतीया. सही न्हाय. कुणी लिवलं? त्यानंच न्हवं?"

अस्लमनं माझ्याकडं बघितलं. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.

एक शब्द. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पण 'मी लिहिलं' म्हटलं की भांडण सांगावं लागलं असतं, भांडण सांगितलं की माझं शेवटचं बोलणं सांगावं लागलं असतं, आणि मग तो कोरडा रस्ता माझ्याच दारात आला असता. मी भित्रा माणूस आहे. लहानपणी काच फोडली तरी भावाचं नाव सांगायचो.

"काकू, पण ते त्याचं नाही, पात्राचं आहे," प्राजक्ता घाईनं म्हणाली. "खेळ आहे हो."

"पात्र कोण खेळत होतं?" काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं जबाब लिवून घेतल्यात मी. मरायच्या आधी माणूस खोटं बोलत न्हाय, कोर्टसुद्धा मानतंय. माझ्या पोरानं मरायच्या आधी सवताला वाईट लिवलंय. कायतरी केलं असणार त्यानं. काय केलं ते मला काढायचं हाय." आणि मला म्हणाल्या, "मास्तर, मला खेळ शिकव."

पुढच्या रविवारपासून मी नियम बदलला. आजपासून ज्याचं घर त्यानं लिहायचं. "हे कधीपासनं?" अस्लमनं विचारलं. "आजपासून," मी म्हणालो. जुना नियम काकूंना कळू द्यायचा नव्हता, तो समजला. शिडीखाली मला गाठून म्हणाला, "सांगून टाक भावा, ओझं होईल." मी म्हटलं, पुढच्या रविवारी. तसे तीन वर्षांचे रविवार गेले.

त्या तीन वर्षांतल्या काकू मला विसरायच्या म्हटल्या तरी विसरता येत नाहीत. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पायात मुलाचे बूट, पुढं कापूस कोंबलेला. डब्यात भडंग, तेही कांदा आणि शेंगदाणे वेगवेगळ्या पुड्यांत, आयत्या वेळी कालवायला. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी येतो, मी करतो' बोलायच्या, आणि इतक्या मोठ्यानं की खालून गिऱ्हाईक वर डोकवायचं. खेळात त्यांनी म्हातारी वैद्यीण घेतली होती. हत्यार नको म्हणाल्या. पहिल्या दिवशी आपल्या घराच्या जागी त्यांनी 'मधली' लिहिलं, तेही पेन्सिलीनं.

"मधला असा कोण नसतोय खरं तर," त्या म्हणाल्या. "ज्याला अजून कुणी विचारलं न्हाय, तो मधला."

पुढं वर्षभरानं प्राजक्तानंच हट्टानं ते पुसायला लावून त्यांच्याकडून 'भली' लिहून घेतलं. कारण ही बाई गोष्टीत कुणाला मरूच देईना. चोराला सोडवायची, जखमी लांडग्याला पट्टी बांधायची, आणि मेलेल्या प्रत्येक शत्रूचा पंचनामा करायची. आमचा अस्लम चोर खेळतो. एकदा त्यानं मागून येऊन पहारेकरी मारला तर काकूंनी त्याला पाच रविवार बोलू दिलं नाही. "हेतू लिवून दे आधी," एवढंच म्हणायच्या.

खेळ संपला तरी त्यांची नऊ घरं संपायची नाहीत. मिसळ खायला गेलो की मिसळवाल्याकडं बघत राहायच्या. रस्सा मागेल तितका वाढतो, पण भिंतीवर 'जास्त वेळ बसू नये' लिहिलंय. नियमाचा भला. म्हातारीसाठी भर चौकात रिक्षा थांबवून मागच्यांच्या शिव्या खाणारा, तो मोकाट भला. स्वतःच्या भावाला त्यांनी दिवाळीच्या फराळाच्या ताटावर नियमाचा वाईट ठरवलं होतं. भाऊ तेव्हापासून चिवडा खात नाही.

"वाईट कसा ओळखायचा काकू?" मी एकदा विचारलं. का विचारलं देव जाणे.

"हातांकडं बघायचं, तोंडाकडं न्हाय. पिंजऱ्यात भल्या माणसाचं हात कापत्यात. वाईटाचं न्हाय कापत."

मी माझे हात टेबलाखाली घेतले. कापत नव्हते.

आणि आठवड्यातले बाकीचे दिवस त्या तपास करायच्या. मुलाच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाकडं जायचं आणि त्यानं तुमचं काय वाईट केलंय का ते विचारायचं. मला बरोबर न्यायच्या, कारण मी त्याचा दोस्त. मी माझ्या गाडीवरनं न्यायचो. शाहूवाडीकडं त्याचा कॉलेजातला एक मित्र भातशेती करतो. गुडघाभर चिखलात उभा राहून तो म्हणाला, "काकू, माझ्या आबांना त्यानं पाठीवर घालून दवाखान्यात नेलतं."

"ते झालं चांगलं," काकू बांधावरून ओरडल्या. "वाईट सांग."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

इचलकरंजीला एक मुलगी होती. कॉलेजात दोघांचं काहीतरी होतं, पुढं काही जमलं नाही. तिचं लग्न झालं होतं, बाळंतपणाला माहेरी आली होती. खाली वडिलांचे यंत्रमाग आणि वर घर. माग चालू असले की त्या घरात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. काकूंना तो प्रश्न ओरडून विचारावा लागला.

"माझ्या पोरानं तुझं काय वाईट केलंय का गं?"

"काय?"

"वाईट! वाईट केलंय का तुझं?"

"न्हाय ओ काकू!" ती पोरगी मांडीवरचं बाळ सावरत ओरडली. "कधीच न्हाय! त्यानं कधी वर आवाजसुद्धा न्हाय केला!" आणि रडायला लागली. काकूंनी तिच्या पायाला हात लावला. बाळंतिणीच्या पायाला, साठी उलटलेल्या बाईनं. "केलं असंल तर माफ कर त्याला," म्हणाल्या. ते काही तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

परत येताना रुकडीजवळ चहाला थांबलो. मला वाटलं, आता तरी हिला हलकं वाटेल. सगळे चांगलंच सांगतायत.

"कोणच सांगंना," काकू कप हातात धरून म्हणाल्या. "म्हंजे लई मोठं असणार मास्तर. एवढं मोठं की कुणाला ठावंच न्हाय."

तिथं सांगायचं होतं. टपरीवर आम्ही दोघंच होतो, चहावाला मोबाईलमध्ये होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अजून अर्धा अर्धा घ्यायचा का?"

खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्या शब्दकोश घेऊन वाचायच्या. एका रविवारी भडंग कालवता कालवता त्यांनी विचारलं, "मेल्यावर पात्र जातंय कुठं?"

पुस्तकात आहे तेच मी सांगितलं. जो तो आपापल्या घराच्या लोकात जातो. भल्यांचा लोक वेगळा, वाईटांचा वेगळा.

"एकमेकांत जाता येत न्हाय?"

"नाही."

"म्हंजे आई भली असली आणि पोरगा वाईट असला तर..."

"नाही भेटत," मी म्हणालो. नियम सांगताना माझी जीभ कधीच अडखळत नाही. काकूंनी यंत्राकडं वळून ते टाइप करून घेतलं.

त्यानंतर तीन-चार रविवार त्यांनी कुणाचाच जबाब घेतला नाही. मग तो रविवार आला. गोष्टीत एका गावावर लुटारूंची धाड येणार होती. गावातली म्हातारी माणसं, बायका, पोरं धान्याच्या कोठारात दडवली होती आणि दार राखायला काकूंची वैद्यीण उभी होती. आम्हाला वाटलं, आता ही सगळ्यांचे जबाब घेणार. घेतले पण. एकेकाचं नाव विचारून टाइप केलं. नावं मला तिथल्या तिथं बनवावी लागली, बावीस नावं. मग त्यांनी कागद बाहेर काढला आणि म्हणाल्या, "मी दाराला भायेरनं कडी घालतो. आणि कोठार पेटवतो."

कुणी हसलं नाही.

"काकू, आत माणसं आहेत," प्राजक्ता म्हणाली.

"ठावं हाय. नावं लिवून घेतल्यात की आत्ताच."

"फासे टाका मग," मी म्हणालो, निदान फासे तरी वाईट पडतील म्हणून.

"फासे कशाला? कडी माझ्या हातात हाय."

कोठार जळलं. मी ते कसंबसं दोन वाक्यांत सांगितलं. काकूंनी आपल्या वैद्यिणीचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढून मुलाचा कागद त्याच्या शेजारी ठेवला.

"आता माझं घर बदल."

"तुमचं तुम्ही लिहा काकू. आपला नियम आहे ना..."

"आरोपीनं सवताचा निकाल लिवायचा नसतोय. तू लिव. लाल पेन हाय न्हवं तुझ्याकडं? त्यानंच लिव. एकसारखं दिसू दे." आणि मग अगदी हळू, त्या बाईचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता, "मला त्याच्याकडं जायचं हाय रं."

त्या वेळी जीभ हासडून द्यायला पाहिजे होती मी. तसं काही झालं नाही. मी पेन उघडलं. 'भली'वर काट मारली, शेजारी 'वाईट' लिहिलं आणि हाताच्या सवयीनं खाली दोन रेघा ओढल्या.

दोन कागद शेजारी शेजारी. तोच लाल रंग, तीच तिरकी काट, त्याच दोन रेघा. जन्म कागदांत गेलेली बाई ती. तिनं चष्मा लावला. दोन्ही कागद जवळ घेऊन पुन्हा पुन्हा बघितले. अस्लम उठून खिडकीशी गेला.

"ह्ये बी तुम्हीच लिवलंय," काकू मुलाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या.

तीन वर्षं त्या मला तू म्हणत होत्या.

"व्हय," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. पूल, पूर, दैत्य, दरोडेखोर, पार झालेलं गाव. माझं भुयार आणि माझी राणी. त्यातलं एक अक्षर त्यांनी टाइप केलं नाही. हात मांडीवर तसेच पडले होते.

"गाव वाचलं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं. सगळं."

"आणि शेवटाला काय म्हणाला?"

"बरं मास्तर, म्हणाला."

त्यांनी मान हलवली, जणू हे तेवढं पटलं. "तीन वर्षं," म्हणाल्या. "लोकांच्या दारात जाऊन माझ्या पोराची पापं मागितली मी. बाळंतिणीच्या पाया पडलो. तुमच्याच गाडीवरनं गेलतो." मग वैद्यिणीच्या कागदाकडं बघितलं. "आणि आज गाव जाळलं की हो मी."

"ते खोटं आहे काकू, ते आत्ता पुसून टाकू," मी खोडरबर शोधायला लागलो. खरंच शोधायला लागलो. इतका मूर्ख माणूस असतो.

"त्याचं पुसलंसा?"

मी थांबलो.

"तुमचा कागद कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मास्तरला कागद नसतो."

"मग आज करा."

कोरा कागद त्यांनी स्वतः माझ्यापुढं ठेवला. नाव, वय, धंदा, राहणार, एकेक विचारून माझ्याकडून भरून घेतलं, राक्षसाचं घेतलं होतं तसंच. मी नऊ घरांपाशी आलो. पेन टेकवणार तोच त्यांनी त्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"तिथं मी लिवणार."

"काय लिहिणार?"

"निकाल राखून ठेवलाय," काकू म्हणाल्या. तिन्ही कागद पाकिटात घातले आणि उठल्या. टाइपरायटर तिथंच राहिला. अस्लमनं हाताला धरून त्यांना शिडी उतरवली.

त्या परत आल्या नाहीत. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. दार उघडायच्या, चहा द्यायच्या, "जेवलासा?" विचारायच्या. त्यापुढं गाडी जायची नाही. मी उंबऱ्यावर घुटमळलो की म्हणायच्या, "तारीख लागली की कळवतो." दिवाळीच्या आधी त्या गेल्या. बीपी होतं, गोळ्या बंद केल्या होत्या म्हणे. चिवडा न खाणारा भाऊ दुकानात येऊन पाकीट देऊन गेला.

पाकिटात तीन कागद होते. मुलाच्या कागदावर माझ्या 'वाईट'वर एक सरळ रेघ, शेजारी निळ्या शाईत 'भला', आणि खाडाखोडीखाली काकूंची पूर्ण सही, तारखेसकट. दुसरा त्यांच्या वैद्यिणीचा. तिथलं 'वाईट' त्यांनी तसंच ठेवलं होतं. खाडाखोडीखाली सही केली होती, म्हणजे मान्य केलं होतं. पाठीमागं ती बावीस नावं टाचून जोडली होती. मेल्यानंतरचा जो नियम मी त्यांना सांगितला होता, त्या नियमानं आता ही दोघं कधीच भेटत नाहीत. पोरगा तिकडं, आई इकडं. खेळ आहे हो, प्राजक्ता मला सांगते. तिनं काकूंनाही तेच सांगितलं होतं.

तिसरा कागद माझा. नाव आहे, वय आहे, धंदा आहे, राहणार आहे. नऊ घरं कोरी आहेत. उजेडाला धरून बघितलं, काही लिहून पुसल्याची खूणही नाही.

अस्लम म्हणतो, तूच काय ते लिही भावा आणि सुटून जा. लाल पेन खिशात असतं. कागद मी कितीदा पुढ्यात घेतला. पण स्वतःचं घर स्वतः लिहायचं नाही, हा नियम माझाच आहे.